पेशी सुटल्या, म्हणून क्षेत्र सोडायचं का?

वाचकाचं पत्र: मी पीएचडीचं दुसरं वर्ष संपवत आले आहे. माणसाच्या आयपीएस पेशींपासून (प्रौढ पेशी मागे वळवून केलेल्या मूलपेशींपासून) मध्यमेंदूतले डोपामिन न्यूरॉन तयार करायचे, पार्किन्सनचं मॉडेल असलेल्या रॅटच्या मेंदूत ते रोपायचे आणि हालचाल सुधारते का ते बघायचं, असा माझा विषय. पहिली बॅच (पॅसेज २४, म्हणजे पेशी चोवीस वेळा नव्या प्लेटवर हलवलेल्या) सुंदर आली. पुढच्या दोन्ही (पॅसेज ३६ आणि ४१) तिसऱ्या आठवड्यात प्लेटवरून सालीसारख्या सुटल्या. उरलेल्या पेशींत डोपामिन न्यूरॉन ओळखणाऱ्या टीएच अँटिबॉडीने रंगणाऱ्या जेमतेम होत्या. गाइड म्हणतात, आता थेट रोपणाला लागा, पेपर हवा. मित्र म्हणतो, वेट लॅब (पेशी-प्राण्यांचं काम) सोड आणि सिंगल-सेल डेटाकडे (एकेका पेशीतल्या जनुकांच्या मोजणीकडे) वळ. त्यात पार्किन्सन असलेल्या काकांना कुणीतरी 'स्टेम सेलचं इंजेक्शन' सुचवलं आहे आणि घरचे रोज माझं मत विचारतात. मेंदूदुरुस्तीच्या संशोधनात माझं पुढे काही होईल का?

उत्तर:

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती तुम्ही कंसात टाकून दिली आहे. २४, ३६, ४१. जी बॅच जमली ती कमी पॅसेजची होती आणि ज्या बिघडल्या त्या जास्त पॅसेजच्या. हा निव्वळ योगायोगही असू शकतो, पण आधी संशय इथेच घ्यायचा. हात बिघडला की पेशी बिघडल्या, हे ठरल्याशिवाय चौथी बॅच लावू नका.

आयपीएस पेशी महिनोन्महिने वाढवल्या की त्यांच्यात निवड सुरू होते. ज्या पेशीला जगण्याचा थोडासा जास्त फायदा मिळतो, तिची पिल्लं दहा-बारा पॅसेजमध्ये सगळी प्लेट व्यापतात. विसाव्या गुणसूत्राचा २०क्यू११.२१ हा तुकडा जादा होणं, हा त्यातला सगळ्यात ओळखीचा बदल. या तुकड्यावर बीसीएल२एल१ हे जनुक आहे. ते पेशीला मरू देत नाही, त्यामुळे बदललेली पेशी एकटी पडली तरी तगते. कल्चर दिसायला उलट अधिक झकास दिसतं: वाढ जोरात, मर कमी. नेमकं तेव्हाच सावध व्हायचं. याच बदलामुळे पेशी चेतापेशींच्या वाटेला लागताना अडखळतात, असंही २०१९ साली दाखवलं गेलं आहे. तुमच्याकडची 'टीएच जेमतेम' ही तक्रार त्यात चपखल बसते.

गफलत कुठे होते, तर लॅबमध्ये जी-बँडिंगचा कॅरिओटाइप (रंगवलेल्या गुणसूत्रांची पाहणी) करून 'नॉर्मल' असा अहवाल फायलीला लावला जातो. जी-बँडिंगला साधारण ५ मेगाबेसपेक्षा लहान बदल दिसत नाहीत आणि हा तुकडा बहुतेक वेळा त्याहून लहान असतो. त्यासाठी वेगळी क्यूपीसीआर (डीएनएच्या प्रती मोजणारी) किंवा फिश (चमकत्या खुणेने तुकडा दाखवणारी) चाचणी लागते. १, १२ आणि १७ या गुणसूत्रांचे जादा तुकडेही वरचेवर सापडतात. टीपी५३ जनुकात बिघाड असलेल्या पेशी काही मूलपेशी-लाइन्समध्ये आधीपासूनच असल्याचं २०१७ मध्ये उघड झालं. रोपणाच्या कामात ही बाब क्षुल्लक नव्हे. अशा पेशी मेंदूत सोडणं म्हणजे गाठ पेरण्यासारखं आहे.

तेव्हा या आठवड्यात चालू कल्चर थांबवा. पॅसेज २४ च्या आसपासची गोठवलेली व्हायल शोधा. नसेल तर जिथून लाइन आली तिथून कमी पॅसेजची मागवा. त्या व्हायलच्या आणि पॅसेज ४१ च्या पेशी शेजारी शेजारी ठेवून चार तपासण्या करा: २०क्यूची क्यूपीसीआर, कॅरिओटाइप, मायकोप्लाझ्मा आणि एसटीआर प्रोफाइल. एसटीआर एवढ्याचसाठी, की ही लाइन खरंच तीच आहे याची खात्री व्हावी; दुसऱ्याच पेशींवर वर्षं घालवलेले लोक या क्षेत्रात कमी नाहीत. मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूला पेशीभित्तिका नसते, म्हणून पेनिसिलिन त्याचं काही करू शकत नाही. माध्यम गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही, पेशी फक्त आजारल्यासारख्या वागतात. चाचणी दर महिन्याला हवी, संशय येईल तेव्हा नव्हे.

व्हायल स्वच्छ निघाली की न्यूरॉन बनवायच्या आधी बँक करा. २० व्हायलची मूळ बँक, तिच्यातल्या एका व्हायलपासून ४० व्हायलची कामाची बँक. १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशी वाचवणारं द्रावक), मिनिटाला १ अंश या वेगाने थंड करणं आणि मग द्रव नायट्रोजनच्या वाफेत ठेवणं. कामाची एक व्हायल वितळवल्यावर जास्तीत जास्त दहा पॅसेज, पुढे ती संपली असं समजून फेकून द्यायची, कितीही छान दिसत असली तरी. यात दोन महिने जातील आणि गाइडना दाखवायला एकही चित्र नसेल. तरीही करा. उरलेली पीएचडी या साठ व्हायलवर उभी राहणार आहे.

आता साल सुटण्याबद्दल. पेशी चांगल्या असूनही हे होतं, आणि कसं सुटतंय यावरून कारणाचा अंदाज येतो. साल कडेकडेने उचलली जात असेल तर कोटिंग कुठेतरी सुकलं आहे किंवा माध्यम बदलताना पिपेटची धार थेट पेशींवर पडते आहे. कोटिंगच्या दोन थरांपैकी पॉलिऑर्निथिन काढल्यापासून लॅमिनिन घालेपर्यंत आणि लॅमिनिन काढल्यापासून पेशी टाकेपर्यंत प्लेट क्षणभरही कोरडी पडता कामा नये; एकेक वेल घ्या, सगळ्या एकदम रिकाम्या करू नका. पेशी टाकल्यावर दोन दिवसांतच डाग पडल्यासारख्या मेल्या तर पॉलिऑर्निथिन नीट धुतलं गेलेलं नाही, सुटं राहिलेलं ते विषारी असतं. १५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरचं कोटिंग असेल तरी तीनदा धुवायलाच हवं. लॅमिनिन बाहेर टेबलावर पटकन वितळवलं तर त्याच्या गुठळ्या होतात आणि थर एकसारखा बसत नाही. आदल्या रात्री ४ अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवून हळूहळू वितळू द्या.

तुमच्यासारखी तिसऱ्या आठवड्यातली सुटका मात्र बहुधा वेगळ्याच जातीची असते. वर न्यूरॉनांचं जाळं घट्ट होत जातं, खाली विभाजन न थांबलेल्या पूर्वज पेशी ढिगाने वाढत राहतात आणि सगळा थर आकसून चादरीसारखा उठतो. सूक्ष्मदर्शकाखाली खालच्या पातळीला फुलासारख्या रोझेट दिसतात का बघा. दिसल्या तर उपाय कोटिंगमध्ये नाही, आधीच्या टप्प्यात आहे. अकराव्या दिवशी पेशी उठवून पुन्हा लावताना मोजणी चुकली का? गुठळ्या राहिल्या की हिमोसायटोमीटरमध्ये एका गुठळीची एक पेशी मोजली जाते आणि चौरस सेंटीमीटरला ८ लाखांच्या जागी प्रत्यक्षात दीडपट पडतात. पेशी सुट्या करणारं अक्युटेज पुरेसा वेळ दिलं का? पुन्हा लावताना पेशी तगवणारं वाय-२७६३२ दहा मायक्रोमोलर, पहिले चोवीस तासच. सोळाव्या दिवसानंतर डीएपीटी घातलं का? ते नॉच संकेत अडवून पूर्वज पेशींना विभाजनातून बाहेर काढतं. ते राहिलं, जुनं झालं किंवा वितळवून-गोठवून निकामी झालं तर नेमकी अशी चादर उठते. शिवाय या टप्प्यापासून माध्यम निम्मंच बदलायचं. पूर्ण काढून नवं ओतणं म्हणजे रोज थोडं थोडं सोलणं.

यापेक्षा महत्त्वाची एक जागा आहे, आणि तिथे चुका निमूटपणे होतात. ती म्हणजे सीएचआयआर ९९०२१ चा डोस. पेशींना मेंदूच्या पुढच्या-मागच्या अक्षावर कुठे बसायचं, हे हे रसायन ठरवतं. कमी पडलं तर अग्रमेंदू, जास्त झालं तर पश्चमेंदू, मध्ये एक अरुंद पट्टी मध्यमेंदूची. तुम्ही वापरता त्या सोळा दिवसांच्या पद्धतीत ही पट्टी साधारण ०.५ ते १ मायक्रोमोलरमध्ये असते आणि प्रत्येक लाइनची वेगळी. आता हिशेब बघा. साठा १० मिलिमोलरचा असेल आणि १० मिलिलिटर माध्यमात ०.७ मायक्रोमोलर हवं असेल, तर घालायचे ०.७ मायक्रोलिटर. पिपेटच्या टोकाला बाहेरून चिकटलेला थेंबही तेवढा असतो! डीएमएसओमध्ये १ मिलिमोलरचा मधला साठा करा, म्हणजे ७ मायक्रोलिटर घ्यावे लागतील आणि चूक आटोक्यात येईल. छोट्या नळ्यांमध्ये भरून गोठवा, एक नळी एकदाच वितळवा.

डोस ठरवायला एक चोवीस-वेलची प्लेट पुरते. ०.४, ०.६, ०.८, १.० आणि १.२ मायक्रोमोलर, प्रत्येकी तीन वेल. तीन वेल सीएचआयआरशिवाय. राहिलेल्या सहा वेल रंगवण्यासाठी. चौदाव्या ते सोळाव्या दिवशी आरएनए काढून जनुकांच्या पातळ्या बघा: फॉक्स-जी१ वर असेल तर अग्रमेंदू, हॉक्स-ए२ वर असेल तर पश्चमेंदू, ओटीएक्स२ टिकून आणि ही दोन्ही खाली असतील तर तुम्ही पट्टीत आहात. नवीन बँक, नवीन लाइन किंवा सीएचआयआरचा नवीन लॉट आला की ही प्लेट पुन्हा.

एलएमएक्स१ए आणि फॉक्स-ए२ या डोपामिन-पूर्वज पेशींच्या खुणा दोन्ही रंगल्या की सगळे खूश होतात. पण सबथॅलॅमिक केंद्रक या शेजारच्या भागाच्या पूर्वज पेशीसुद्धा हेच दोन्ही दाखवतात आणि त्या डोपामिन न्यूरॉन बनत नाहीत. स्वीडनमधल्या लुंडच्या गटाने २०१७ मध्ये कितीतरी बॅचेस रॅटमध्ये रोपून मागे वळून पाहिलं, तेव्हा या दोन नेहमीच्या खुणांवरून रोपण यशस्वी होईल का ते सांगता येत नव्हतं. ईएन१ आणि त्याच्या सोबतच्या, मध्यमेंदूच्या मागच्या काठाच्या खुणांवरून सांगता येत होतं. म्हणून त्यांनी नवव्या दिवसापासून एफजीएफ८बी हे वाढ-प्रथिन देण्याची वेळ पक्की केली. तुमच्या तिन्ही बॅचेसचं सोळाव्या दिवसाचं आरएनए ठेवलेलं असेल, तर ईएन१ आणि बारएचएल१ (सबथॅलॅमिक पेशींची खूण) आजच तपासा. ठेवलेलं नसेल तर यापुढे प्रत्येक बॅचच्या पेशींची एक गोळी उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये गेलीच पाहिजे.

हा सगळा किरकोळ काटेकोरपणा वाटत असेल तर माणसांवरच्या चाचण्यांचा इतिहास जरूर वाचा. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात लुंडमध्ये गर्भाच्या मध्यमेंदूची ऊती पार्किन्सनच्या रुग्णांत रोपायला सुरुवात झाली. काहींना वर्षानुवर्षं फायदा झाला. मग अमेरिकेत दोन काटेकोर चाचण्या झाल्या, लुटुपुटूची शस्त्रक्रिया केलेल्या गटाशी तुलना करून. २००१ आणि २००३ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले आणि क्षेत्र हादरलं: ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट दोन्हींत गाठलं गेलं नाही, आणि काही रुग्णांना औषध बंद असतानाही अनावर हालचाली सुरू झाल्या. त्याच्या कारणांवर पुढे जी चर्चा झाली तिच्यात एक संशयित ठळक होता: डोपामिन न्यूरॉनांसोबत कलमात (रोपलेल्या पेशींत) गेलेले सेरोटोनिन न्यूरॉन. ते कुठून येतात? पश्चमेंदूच्या शेजारपट्टीतून. म्हणजे सीएचआयआर जरा जास्त झालं की तुमच्या प्लेटमध्ये जिथे पोचायला होतं, तिथूनच.

आता गाइडच्या 'थेट रोपणाला लागा'बद्दल. वादात न पडता त्यांच्यापुढे कॅलेंडर ठेवा. बँक आणि तपासण्या २ महिने. डोस आणि दोन सलग चांगल्या बॅचेस ३ महिने. रॅटमध्ये ६-हायड्रॉक्सीडोपामिनने एका बाजूचे डोपामिन न्यूरॉन मारणं आणि ते मेले याची चाचणी २ महिने. रोपणानंतर थांबणं ६ महिने, कारण माणसाचे न्यूरॉन रॅटच्या मेंदूतही माणसाच्याच घड्याळाने वाढतात. सोळा आठवड्यांच्या आत हालचालीत फरक शोधणं म्हणजे वेळेआधी भांडं उघडणं. मेंदूचे काप, रंगवणं आणि मोजणी ३ महिने. झाले १६. काही कामं एकमेकांवर चढवता येतील, पण पीएचडीत असा पूर्ण प्रयोग एकदाच होतो, फार तर दोनदा. खराब बॅच रोपली तर सहा महिन्यांनी कळेल की बॅच खराब होती. हे वाक्य बैठकीत जसंच्या तसं म्हणा.

संख्याही लिहून न्या. कलमाचा परिणाम १.२ प्रमाण-विचलनाएवढा मोठा धरला, तरी ८० टक्के शक्ती (खरा फरक सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के चुकीच्या मर्यादेसाठी दर गटात १२ प्राणी लागतात. तीन गट म्हणजे ३६. तिघांतला एक गळेल असं धरा (इजा अपुरी, शस्त्रक्रियेत मृत्यू, कलम भलत्या जागी), म्हणजे ५४ शस्त्रक्रिया. नैतिक समितीकडे हा आकडा आधीच गेला पाहिजे; मध्येच सहज वाढवून मिळत नाही. रॅटच्या शरीराने माणसाच्या पेशी नाकारू नयेत म्हणून सायक्लोस्पोरिन किलोला १० मिलिग्रॅम रोज द्यायचं ठरवलं तर चोवीस आठवड्यांत एका रॅटला १६८ इंजेक्शनं होतात, सुट्टीच्या दिवशीही. थायमस नसलेले रॅट घेतले तर इंजेक्शनं वाचतात, पण निर्जंतुक निवास लागतो. यापैकी काय परवडेल ते पेशी तयार व्हायच्या आधी ठरवा.

शस्त्रक्रियेतल्या ठरलेल्या चुका दोन-तीनच आहेत. ६-हायड्रॉक्सीडोपामिन हवेने आणि उजेडाने खराब होतं, ०.०२ टक्के ॲस्कॉर्बिक आम्लाच्या सलाइनमध्ये विरघळवून बर्फावर, अंधारात ठेवा आणि रंग बदलला की टाकून द्या. ॲम्फेटामिन दिल्यावर इजेच्या बाजूला मिनिटाला किमान सहा निव्वळ फेऱ्या न मारणारा रॅट प्रयोगात घेऊ नका. रोपताना मिनिटाला १ मायक्रोलिटरपेक्षा वेग नको, आणि सुई काढण्याआधी काही मिनिटं थांबा, नाहीतर सुईच्या वाटेने पेशी वर येऊन बसतात. सिरिंजमध्ये पेशी तळाला जातात. पहिल्या आणि शेवटच्या रॅटला सारख्याच पेशी मिळाल्या का हे बघायला सत्र संपल्यावर उरलेल्या द्रवाची पुन्हा मोजणी करा.

आणि मग खरा प्रश्न: 'दुरुस्ती झाली' असं कधी म्हणायचं? या क्षेत्राची बहुतेक नामुष्की याच शब्दाच्या घाईतून आली आहे. पेशी जगली, ती हवी तीच पेशी आहे, ती यजमान मेंदूशी जोडली गेली, आणि तिच्यामुळेच वागणं सुधारलं. या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीच्या पुराव्याने दुसरी सिद्ध होत नाही. ब्रोमोडीऑक्सियुरिडिनने खूण केलेल्या पेशी रोपल्यावर त्या मरतात आणि त्यांची खूण यजमानाच्या पेशी उचलतात. रंग दिसतो, कलम नसतं. डोळ्याच्या पडद्यात प्रकाशग्राही पेशी रोपून त्या सामावल्या गेल्याचे निष्कर्ष वर्षानुवर्षं छापले गेले. २०१६ मध्ये लक्षात आलं की बऱ्याच ठिकाणी पेशी सामावल्याच नव्हत्या, कलमातलं चमकणारं प्रथिन यजमानाच्या पेशींत गेलं होतं. २०२० मध्ये पीटीबीपी१ हे जनुक दाबून ॲस्ट्रोसाइट या आधारपेशींचे न्यूरॉन होतात म्हणून मोठी खळबळ झाली. पुढच्याच वर्षी वंशमागाच्या (कोणती पेशी कुठून आली ते शोधणाऱ्या) प्रयोगांनी दाखवलं की ते 'नवे' न्यूरॉन मुळात तिथलेच होते, खूण पोचवणारा विषाणूवाहक त्यांच्यात गळला होता. हे लोक अडाणी नव्हते. नियंत्रणाचा एक गट कमी पडला, इतकंच.

तुमच्या प्रयोगासाठी याचा अर्थ सरळ आहे. मेलेल्या पेशींचं कलम हा एक गट हवाच. माणसाच्याच पेशी ओळखणारी अँटिबॉडी, उदाहरणार्थ स्टेम१२१, टीएचसोबत एकाच कापावर हवी. 'जोडली गेली' म्हणायचं असेल तर रेबीज विषाणूच्या एका टप्प्याच्या मागोव्यासारखा (तो जोडलेल्या न्यूरॉनातच एक पाऊल पुढे जातो) पुरावा लागतो. 'तिच्यामुळेच' म्हणायचं असेल तर कलम बंद करून बघावं लागतं. २०१५ मध्ये प्रकाशाने कलमातले न्यूरॉन शांत करून दाखवलं गेलं की सुधारणा तेवढ्यापुरती नाहीशी होते आणि प्रकाश थांबला की परत येते. त्या प्रयोगाची मांडणी नीट अभ्यासा. हे सगळं एका पीएचडीत होणार नाही. व्हायलाही नको. चारांपैकी एक गोष्ट घ्या आणि ती अशी सिद्ध करा की परीक्षकाला बोट ठेवायला जागा उरणार नाही. फेऱ्यांची चाचणी एकटीवर विसंबू नका. थोड्याशा डोपामिन न्यूरॉनांनीही फेऱ्या थांबतात. सोबत सिलिंडर किंवा पाऊल टाकण्याची चाचणी ठेवा, आणि मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. एन, म्हणजे नमुन्यांची संख्या, म्हणजे रॅट. मेंदूचे काप म्हणजे एन नव्हे.

आता मित्राच्या सल्ल्याबद्दल. अर्धा बरोबर आहे. सिंगल-सेल विश्लेषण शिकाच, पण वेट लॅब सोडून नव्हे. या क्षेत्रात नुसतं कोड लिहिणारे पुष्कळ आणि नुसत्या पेशी सांभाळणारेही पुष्कळ. ज्याला सोळाव्या दिवसाच्या डेटामधला एक छोटा पुंजका बघून 'हा सबथॅलॅमिक दिसतो, सीएचआयआर बघा' असं म्हणता येतं, असा माणूस विरळा. शिवाय तुमच्याकडे अशी सामग्री आहे जी नुसत्या विश्लेषकाला मिळत नाही: एक जमलेली आणि दोन फसलेल्या बॅचेस. पॅसेज २४ आणि ४१ पुन्हा वितळवून एकाच दिवशी, एकाच माध्यमात लावा आणि कुठे वाट चुकते ते बघा. तपासणीत गुणसूत्राचा बदल सापडला, तर त्याचा न्यूरॉन होण्यावर काय परिणाम होतो हा एक स्वतंत्र, छोटा पेपर आहे, तोही प्राणी न वापरता, आठ-नऊ महिन्यांत. गाइडना पेपर हवा आहे ना? हा द्या. रोपणाचा लांब प्रयोग मागे शांतपणे चालू राहील. कलमातून परत काढलेल्या पेशींचं विश्लेषण करायची वेळ येईल तेव्हा रीड्स (वाचलेले आरएनएचे तुकडे) माणूस आणि रॅट अशा एकत्रित जीनोमवर जुळवा, नाहीतर रॅटच्या पेशी माणसाच्या म्हणून मोजल्या जातात.

'पुढे काही होईल का' याचं उत्तर क्षेत्राच्या अवस्थेतही आहे. जपानच्या शिन्या यामानाकांनी उंदराच्या आयपीएस पेशी २००६ मध्ये केल्या, माणसाच्या २००७ मध्ये. एप्रिल २०२५ मध्ये पार्किन्सनच्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष एकदम आले: क्योटोची सात रुग्णांची, आयपीएस पेशींची, आणि अमेरिका-कॅनडातली बारा रुग्णांची, भ्रूण मूलपेशींपासून केलेल्या न्यूरॉनांची. कलमामुळे गंभीर अपाय दिसला नाही, कलमं टिकल्याच्या खुणा दिसल्या. पण दोन्हींत तुलनेचा गट नव्हता, त्यामुळे रुग्ण सुधारले याचं श्रेय किती कलमाला द्यायचं ते अजून मोकळंच आहे. पुढच्या मोठ्या चाचण्यांना हजारो सारख्या व्हायल लागतील आणि प्रत्येक बॅच चालेल की नाही हे रोपायच्या आधी सांगणारी माणसं लागतील. बॅचची क्षमता मोजणारी चाचणी बसवणं, गुणसूत्रांवर पहारा, उत्पादन, नियामकांपुढची कागदपत्रं, कोअर सुविधा चालवणं. प्राध्यापकीपेक्षा या जागा जास्त आहेत आणि त्यांच्या मुलाखतीत 'तुमची बॅच फसली तेव्हा काय केलंत' हेच विचारतात. पोस्टडॉकसाठी लॅब शोधताना तुम्हीही उलट विचारा: बँक किती पॅसेजची, २०क्यू कशी तपासता, मागच्या वर्षी किती बॅचेस टाकून दिल्या? टाकलेल्या बॅचेसचा आकडा ज्यांच्याकडे नाही, तिथे जाऊ नका.

काकांचं राहिलं. घरच्यांना भाषण देऊ नका, त्या केंद्राला विचारायचे प्रश्न लिहून द्या. पेशी कोणत्या, कुणाच्या, कुठे सोडणार? शिरेतून दिलेल्या मेसेंकायमल (अस्थिमज्जा, चरबी अशा ऊतींतून काढलेल्या) पेशी बहुतांशी फुप्फुसांतच अडकतात आणि डोपामिन न्यूरॉन बनत नाहीत. चाचणीची सार्वजनिक नोंदणी आहे का, तिचा क्रमांक काय? पेशींसाठी रुग्णाकडूनच पैसे मागतात का? खऱ्या संशोधन-चाचणीत सहसा मागत नाहीत. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध देणार का, आणि किती वर्षं पाठपुरावा करणार? मेंदूत आणि पाठीच्या द्रवात परक्या मूलपेशी सोडून घेतलेल्या एका मुलाच्या शरीरात दात्याच्याच पेशींच्या गाठी वाढल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं आहे, तेवढं सांगा. आणि एक गोष्ट मात्र ठासून: इंजेक्शन घेवोत किंवा न घेवोत, कुणाच्याही सांगण्यावरून त्यांनी लेवोडोपा हे पार्किन्सनचं नेहमीचं औषध एकदम बंद करायचं नाही. अचानक थांबवल्यास तीव्र ताठरपणा आणि जीवघेणा ताप येऊ शकतो. डोसमधला कुठलाही बदल त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टनेच करायचा.